दोघांना उचलेल एवढा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, वजनकाट्यामागच्या गाळ्यात
मुर्तुझाभाईंनी तीन टप मांडून ठेवले होते,
भंडाऱ्यानंतर घासून पालथ्या घातलेल्या कढयांसारखे.

पहिला लोखंडी. बोटानं वाजवला,
शाळा सुटल्यासारखा वाजला.
"दोनशे साठ किलो. नातवंडंसुद्धा वापरतील."
आम्हाला नातवंडं नाहीत.
पिकअपला पाटे आहेत, ते बसलेत
तेरा वर्षं डाळिंबाची, पेरूची कलमं वाहून.

दुसरा अ‍ॅल्युमिनियमचा, एकशे तीस.
रिव्हेटांची ओळ इतकी सरळ की निवृत्ती
तिच्यावरून अंगठा फिरवतच राहिला.
मी म्हटलं, जानेवारीत आतून घाम येईल याला,
गरम पोळ्यांच्या डब्याला येतो तसा,
आणि पहाटे तो आपल्याच नाकावर टपकेल.

तिसरा फायबरचा. दोन पातळ पापुद्रे,
मध्ये पोळ्यासारखा घरं पाडलेला कागद.
पंच्याऐंशी.
"कसारा घाटात उडून जाईल," निवृत्ती म्हणाला,
पण आवडला होता त्याला.
आवडलेल्या गोष्टीला तो आधी नाव ठेवतो.
माझ्या बाबतीतही असंच झालं होतं म्हणे.

आता आमची अट.
सोमवार ते शुक्रवार गाडी रोपवाटिकेची.
शनिवारी दुपारी टप चढवायचा,
रविवारी रात्री उतरवायचा,
आणि शेजारच्या पोराला हाक मारायची नाही.
मुर्तुझाभाई म्हणाले, चेन-पुली लावून देतो.
म्हटलं, आधी उचलून बघू.

तो पुढून, मी मागून.
एक, दोन, आणि टप जमिनीवरून वीतभर.
समोर निवृत्तीची कोपरं थरथरत होती,
चेहरा मात्र बँकेत सही करताना असतो तसा.
डॉक्टरांची चिठ्ठी मी वाचलीय.
वीस किलोच्या वर नाही, असं लिहिलंय तिच्यात.
ती त्यानं बियाण्यांच्या डब्यात लपवली,
जिथं दिवसातून चारदा माझाच हात जातो.

"ठेवा खाली," मी म्हटलं, "माझा खांदा दुखतोय."

मुर्तुझाभाईंनी चहा मागवला.
चहा अर्धा झाल्यावर, कुणाकडे न बघता,
म्हणाले, मागे एक पडलाय.
एका मधपेट्यावाल्यानं करून घेतला, न्यायला आलाच नाही.
वर फायबरचं पातळ छत,
बाजूंना गुंडाळता येणारी जाड ताडपत्री,
मागं जाळीचं दार.
पन्नास किलो. रंग पिवळा, पण फिका पडेल.

"ताडपत्री!" निवृत्ती.
"वैतरणेकडे बिबट्यानं पंजा मारला तर?"
"बिबट्याला काय कुलूप लावणार होतास?"

पुन्हा उचलायला उभे राहिलो.
दाराची बाजू जड. ती मी धरली.
तीस माझ्याकडे, वीस त्याच्याकडे.
टप सहज वर आला, कमरेपर्यंत, मग खांद्यापर्यंत,
हौद्यावर सरकला आणि टेकला.
मध्ये फक्त पिवळं छत, म्हणून चेहरा दिसला नाही.
छताच्या पलीकडून आवाज आला,
"आणि खांदा?"
"बरा झाला."
बराच वेळ काही नाही.
मग पलीकडून नट आवळल्याचा आवाज.

निघताना हट्टानं काट्यावर गाडी घातली त्यानं.
खिडकीत कानात वायर घातलेला मुलगा.
एक हजार आठशे सत्तर.
टप, डिझेल, जॅक, पाण्याचा कॅन,
चिवड्याची पिशवी, तो, मी.
"आपण उतरून परत करू का?" त्यानं विचारलं.
म्हटलं, राहू दे. कळून काय करायचंय.

पपया नर्सरीच्या सिग्नलला मी पावती उलगडली.
माल, या शब्दापुढे
त्या पोरानं निळ्या शाईत लिहिलं होतं:
रिकामी.