लिंबूटिंबू

खाली चर्चगेटच्या टर्फवर पाणी मारत होते,
वरच्या खोलीत आम्ही नऊ कॉलेजांचे नऊ जण
आणि मध्ये बटाटा वेफर्सची एकच बशी.
ठराव असा की मुलींच्या हॉकीत
साखळीनंतर चारच संघ बाद फेरीत जातात,
यंदापासून सगळेच जावेत.

कुरियन मॅडम म्हणाल्या, मग साखळी खेळायची कशाला?
सरळ खिरापत वाटा.
डायस सर म्हणाले, अहो, पोरी चार महिने पहाटे उठतात
आणि डिसेंबर उजाडायच्या आत घरी बसतात.
घरचे विचारतात, झालं ना तुझं हॉकी?
दोघंही खरंच बोलत होते.
बैठकीत हीच तर अडचण असते.

चार हात वर. चार हात टेबलावर.
मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.
आम्ही नववे. आठ सामने, आठ हार,
खाल्लेले गोल बावन्न, केलेले दोन,
त्यातला एक त्यांच्याच बॅकच्या स्टिकला लागून.
'तुम्ही तर हो म्हणणारच,' कुणीतरी म्हणालं,
आणि प्रेमानं बशी माझ्याकडे सरकवली.

मला आठवलं, भांडुपला बिल्डिंगखाली
आम्ही डबा ऐसपैस खेळायचो.
मी सगळ्यांत धाकटी. लिंबूटिंबू.
मला कुणी बाद करत नसे,
माझ्यावर राज्यही येत नसे.
पाण्याच्या टाकीमागे श्वास धरून बसायची मी,
वर घराघरांत दिवे लागायचे,
खेळ केव्हाच मोडलेला असायचा
आणि शोधायला कुणी आलेलं नसायचं.

मग हर्षाली मोकल, आमची गोलकीपर.
तिचे पॅड डायस सरांच्याच कॉलेजातून उसने आणलेले,
डाव्याचा पट्टा तुटलेला, तिथे निळी नायलॉनची दोरी.
कांजूरच्या बसमध्ये ती पॅडना खिडकीची जागा देते,
स्वतः उभी राहते.
आमचा शेवटचा सामना झाला की पॅड परत.
म्हणजे ठराव पास झाला
तर आणखी आठवडाभर ते तिच्या कॉटखाली.
माझा हात जवळजवळ उठलाच होता.

पण त्या वांद्र्याच्या मॅचला
सातव्या गोलनंतर समोरच्या पोरी थांबल्या.
सर्कलपर्यंत यायच्या आणि चेंडू मागे द्यायच्या,
आपसांत फिरवत बसायच्या.
चांगल्या पोरी. कीव आली असेल.
हर्षालीनं हेल्मेट वर केलं
आणि पलीकडच्या फुटपाथवर ऐकू जाईल अशी ओरडली,
'अगं, मार ना!'
मारला. आठवा.
पुढचा तिनं डाव्या पॅडवर घेतला, दोरीच्या बाजूनं,
आणि मारणारी क्षणभर
नुसती बघत राहिली तिच्याकडे.

मी म्हटलं, सगळ्यांना सरसकट नको.
आठव्या आणि नवव्यांची एक मॅच लावा,
जिंकेल तो आत.
डायस सर हसले. मॅडम, नऊच्या नऊ घेतले
तरी पहिली मॅच तीच येते.
तेच झालं की!
कागदावर तेच झालं, सर, मान्य.
पण बाद व्हायला आधी आत असावं लागतं ना,
आणि आत यायला…
पुढचं मला नीट सांगता आलं नाही.
पंखा फिरत होता. बशीत नुसतं मीठ उरलं होतं.
इतिवृत्तात लिहिलं गेलं: एक सदस्या तटस्थ,
निर्णय पुढील बैठकीत.

खाली टर्फ चमकत होतं.
माळ्याला विचारलं, एखादी वेळ रिकामी आहे का?
पहाटे पावणेसहा, म्हणाला, पण दिवे अर्धेच लागतील.
तिथूनच हर्षालीला फोन केला.
पॅडचं काय करायचं गं?
'इतक्यात मागू नका, मॅडम,
कालच दोरी बदललीय.'