पावणेतीन फूट

ग्रिम्सबीत, गोदीच्या मागे,
जिथं एके काळी मासेमारीची जाळी विणायचे
त्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर आमची शाळा.
शाळा म्हणायचं नसतं. युनिट म्हणतात.
घंटा नाही, गणवेश नाही,
सव्वानऊला टोस्टर सुरू होतो, तीच प्रार्थना.

मुलं टॅक्सीनं येतात, कौन्सिलच्या खर्चानं.
ड्रायव्हर खिडकीतून कागद पुढे करतो,
पार्सल पोचल्याची घ्यावी तशी माझी सही घेतो.
पटावर नऊ जण.
प्रत्येकाच्या आधी त्याची फाइल येते.
रीसची दोन्ही हातांनी उचलावी लागली.
खुर्ची फेकली, हे तीन ठिकाणी.
कुणावर, हे दोन ठिकाणी.
का, हे शोधत मी शेवटच्या पानापर्यंत गेले
आणि चहा गार झाला.

पहिला महिना तो माझ्याशी भिंतीमार्फत बोलला.
फळ्यावर तीन छेद चार लिहिलं
की डोक्यावर हूड.
"हे तुटलेलं आहे, मिस."
काय सांगणार, आमच्यात तर त्याचं नावच अपूर्णांक.

खालच्या कारखान्यात मिस्टर हॅलम.
उभा जन्म बोटींच्या सुतारकामात गेला,
डाव्या हाताची दोन बोटं त्यातच राहिली.
मिलिमीटर त्यांना परधर्म.
रीस त्यांच्याकडे बाक करत होता,
मी नुसती उभी होते, भुशाचा वास घेत.
मिरजेला आमच्या वडिलांची लाकडाची वखार,
तिथं मी पावकी-निमकी पाठ केली
ओंडक्यावर बसून, पाय हलवत.
हॅलम म्हणाले, दोन फूट नऊ इंच.
माझ्या तोंडून निसटलं, पावणेतीन.
"काय?"
तीनला पाव कमी. आमच्याकडे एकच शब्द आहे त्याला.
रीसनं पेन्सिल कानावर ठेवली.
"कमी पडलं, तरी तीनचंच नाव लावता?"
हो.
"फसवणूक आहे ही," म्हणाला,
आणि भिंतीकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला.

मग सव्वा मागितला त्यानं. मग दीड, अडीच.
टेगनला शिकवले, चुकीच्या उच्चारात,
टोस्टसुद्धा दीड मागायला लागली ती.
मी दीडशहाणा शब्द सांगितला,
अर्थ सांगितला,
तो इतका हसला की हॅलमनी करवत थांबवली.
त्याच्या जुन्या शाळेनं हेच तर लिहिलं होतं,
अकरा पानं लागली होती त्यांना.

मे महिन्यात परीक्षा. गणिताचे तीन पेपर.
छोटी खोली, एक टेबल, एक पर्यवेक्षक, एक रीस.
पहिल्याला आला, नखं खात.
दुसऱ्याला आला, वेळेआधी.
तिसऱ्या दिवशी टॅक्सी आली,
मागची सीट रिकामी.
"कुणी दारच उघडलं नाही," ड्रायव्हर म्हणाला,
आणि कागद पुढे केला.
रिकाम्या टॅक्सीचीही सही लागते.

फोन केले. हॅलम घरी जाऊन आले.
पडदे नव्हते, म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत.
आईबरोबर हल्ला गेला म्हणे, की डॉन्कास्टरला.
दोन पेपरांचे गुण कुठल्या पत्त्यावर धाडायचे
हे ऑफिसनं मला विचारलं,
जणू मी त्याची कुणी होते.

बाक राहिला. जिन्याच्या कडेला ठेवलाय.
जुलैत झाडताना उलटा केला,
तर खाली पेन्सिलीनं, वाकड्या इंग्रजी अक्षरांत,
पावणेतीन.
स्पेलिंग त्यानं स्वतः पाडलेलं, दोन अक्षरं जास्तीची.
मी टेप लावली.
दोन फूट साडेआठ इंच.
अर्धा इंच खाल्ला होता पठ्ठ्यानं.
वडिलांनी वखारीत हे चालवून घेतलं नसतं.

आज सकाळी नवी फाइल आली, सहा बोटं जाड.
मुलगी आहे, चौदा वर्षांची.
टॅक्सीला अजून दहा मिनिटं आहेत.
फाइल बाकावर ठेवली, न उघडता,
शेजारी मी बसले.
बाक थोडा हलतो.