रिकामं वजन

अमळनेरहून पारोळ्याला निघालात
की डाव्या हाताला आमचा काटा. साठ टनी.
केबिनीत एक कॉम्प्युटर, एक आवाज करणारा पंखा
आणि सातनंतर चार माणसं :
पंक्चरवाला सुपडू, एसटी वर्कशॉपातून सुटलेले वारके अण्णा,
बाजार करून घरी निघालेल्या अंगणवाडीच्या झोपे ताई
आणि मी. काटा माझ्या ताब्यात, म्हणून.

कापसाच्या दोन गाड्यांच्या मधल्या वेळात
आम्ही एका शेअरकडे बघत बसायचो.
नाव लांबलचक, शेवटी इन्फ्राटेक.
भाव एक रुपया चाळीस पैसे.

'कितला?' सुपडूने दोनदा विचारलं.
काडेपेटीपेक्षा स्वस्त.
'शंभराचा पडना ते हाड मोडस,
हाऊ ते जमीनवरच बसेल शे.
आखो कोठे पडी?'

झोपे ताईंनी भेंडीचं टोक मोडून बघावं तसं विचारलं,
'ही कंपनी बनवते काय?'
अण्णा म्हणाले, 'पुलांचं असावं काहीतरी.'
'कुठला पूल?'
पंखा फिरत राहिला.

आमच्या गावाला एक गोष्ट पाठ आहे.
तेलाच्या कारखान्याचे कागद ज्यांनी ट्रंकेत टाकले
आणि विसरले, त्यांच्या नातवांचे मजले मोजता येत नाहीत.
ती गोष्ट इथे पोरांना घुटीत देतात.
ज्यांनी विकले त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही.
माझ्या वडलांनी विकले.
आलेल्या पैशात शिलाई मशीन घेतलं.

म्हणून मी रात्री हिशेब करायचो :
एक चाळीसचे चौदा झाले तर,
एकशे चाळीस झाले तर,
आणि बायको म्हणायची, लाईट बंद करा.

पण मी काट्यावरचा माणूस.
वजन वाढवायला कापसावर पाणी कसं मारतात
ते मला वासावरून कळतं.
वरचा थर कोरडा, मऊ, पांढराशुभ्र,
हात कोपरापर्यंत घातला की गार लागतं.
तीन दिवस अप्पर सर्किट लागलं
तेव्हा मला तोच वास आला.
सुपडूने पेढे आणले होते. मी दोन खाल्ले.

आणि अण्णांनी सांगितलं ते रावेरच्या केळीचं.
गाडी भरून उभी, भाव कागदावर आहे,
फक्त घेणारा फोन उचलत नाही.
'भाव म्हणजे काय रे,' अण्णा म्हणाले,
'समोरचा हात पुढे करतो तोवर भाव.
मग नुसता पिकण्याचा वास.'
हे सांगून त्यांनी स्वतः पाच हजारांचे घेतले.
माणसाचं असंच असतं.

सुपडूने वीस हजार घातले, नवीन कॉम्प्रेसरचे.
झोपे ताईंनी काहीच नाही. त्यांना पूल सापडला नाही.
मी पाचशे शेअर घेतले, सातशे रुपये,
इतकेच की गेले तर बोलता येईल
आणि वाढले तर झोप उडेल.

भरलेली गाडी कोणीही तोलेल.
आमचा धंदा रिकाम्या गाडीवर चालतो,
ती आधी तोललेली नसेल
तर मालाचं वजन निघत नाही.
हिचं रिकामं वजन किती, हे मी
डोळे ताणून त्या पडद्यावर शोधलं.
आकडे खूप होते. तो नव्हता.

काल चौथ्या दिवशी हिरवा आकडा लाल झाला.
विकणाऱ्यांची रांग पार खालपर्यंत,
घेणाऱ्यांच्या रकान्यात शून्य.
सुपडू म्हणाला, 'सकाय देखूत.'
त्याच्या बोटांना रबराचं सोल्यूशन चिकटलं होतं,
ते तो सोलत बसला.

घरात बहीण ब्लाऊज शिवत होती.
मशीनला तेल हवंय, म्हणाली.
बासष्ट सालचं. चालतंय.

रात्री दीडला एक गाडी प्लेटवर चढली.
आकडा थरथरायला लागला,
बावीस, साडेबावीस, एकवीस नव्वद,
ड्रायव्हर ओरडला, 'लिहा ना शेठ, किती?'
मी खिडकीतून हात बाहेर काढला.
आधी इंजिन बंद कर.