फळगळ

पोळ्याला आठ दिवस. उकर्डाजी गुल्हाने
संत्र्यांनी भरलेलं घमेलं माझ्या टेबलावर ठेवतात,
थेट शब्दकोशावर,
आणि म्हणतात, "लिव्ह त्या बाईले. अशी गयून राह्यली."

ती बाई म्हणजे आम्पारो, वालेन्सियाजवळच्या गावची.
दोन वर्षांमागे बाग पाहायला आली,
धुऱ्यावर बसून ठेचा खाल्ला, रडली, पुन्हा मागितला.
तेव्हापासून तिची पत्रं येतात, स्पॅनिशमध्ये,
आणि वरुडच्या अलीकडच्या या पाच-सहा गावांत
ती वाचता येणारी मी एकटी.

गळणे. सोपं वाटलं.
मी लिहिलं काएर्से, म्हणजे पडणे.
मग खोडलं. पडतो तो
विहिरीच्या पायरीवरून घसरलेला पोरगा,
पडते मोटरसायकल, पडतो भाव.
त्यात कुणाची तरी चूक शोधता येते.

देस्प्रेंदेर्से: सुटून वेगळं होणे.
भिंतीचा पोपडा, डोंगराची दरड.
हा शब्द विद्यापीठातल्या साहेबासारखा,
बुटाला चिखल न लावता
बांधावरूनच बाग पाहून जाणारा.

"तुमच्याकडं काय काय गळतं?" मी विचारलं.
उकर्डाजी उकिडवे बसले.
"पान झडते. दात पडते. छप्पर गयते.
पऱ्हाटीची पाती गयते, बोंड फुटते.
डोया गयत नाई, डोयातलं पानी गयते."
"आणि संत्रं?"
त्यांनी एक उचललं, देठाची बाजू माझ्याकडं केली.
"हे पाह्य. तुटलं नाई, ओरबाडलं नाई.
साफ हाये. झाडानंच सोडलं."

सोडलं.
सोल्तार.
बैलाची वेसण सोडणे, रोखलेला श्वास सोडणे.
आधी पकड असते, मग नसते.
रागाचा उल्लेख नाही.

त्याच पानावर, दोन बोटं खाली,
सोल्तेरा: बिनलग्नाची.
आणि काही पानं पुढं सुएल्ता: सुटी, मोकळी.
दिसायला बहिणी, पण कूळ वेगळं,
असं बारीक अक्षरात लिहिलेलं.

माझ्यासाठी गावात एकच शब्द आहे, टाकलेली.
चार वर्षं झाली. दळण घेऊन गेले की
गिरणीच्या घरघरीतही तो नीट ऐकू येतो.
बॅग मी भरली होती, एसटीचं तिकीट मी काढलं होतं,
पण टाकायला कुणीतरी कर्ता लागतो,
आणि तो गावानं परस्पर बसवून टाकला.

मी लिहिलं: एल आर्बोल सुएल्ता ला फ्रूता.
झाड फळ सोडतं.
सुएल्ता. इथं क्रियापद, तिथं मोकळी बाई,
एका अक्षराचा फरक नाही.
बराच वेळ मी पेन उचललं नाही.

"किती टोपले गेले, थे बी टाक," उकर्डाजी म्हणाले.
टाकलं. बत्तीस.

उत्तर महालक्ष्म्या बसल्या त्या दिवशी आलं.
वाक्य सुंदर आहे, आम्पारो लिहिते,
पण आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही.
आमचे बागवान म्हणतात, पुर्गा.
पेलत नाही तेवढं झाड बाहेर काढतं.

कोश उघडला. पुर्गा: जुलाब.
उकर्डाजींना ठसका लागेस्तोवर हसू आलं.
"संत्र्याले हगवन लागली वं माय!"
असं सांगत ते पार मारुतीच्या पारापर्यंत गेले,
ज्यांच्या बागा गळत होत्या तेही हसले.

पुढल्या पत्रात मी पुर्गा लिहिलं.
तोच शब्द बरोबर आहे, त्यात माती आहे, वास आहे,
बत्तीस टोपले आहेत.

जुन्या मसुद्याचा कागद मात्र फेकवला नाही.
घडी करून दळणाच्या डब्यात,
झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला.
उद्या ज्वारी संपेल.