कल

पहिल्या टीजवळच्या लाकडी खोपटात माझं टेबल.
घड्याळ, पेन्सिली, बत्तीस नावं, एक थर्मास.
स्कॉटलंडच्या या वरच्या टोकाला जूनमधली रात्र येते
ती घाईतल्या पाहुण्यासारखी, कोटही न काढता.
साडेतीनलाच फटफटतं.
मोह तिथूनच सुरू होतो.

दारावर कागद आहे, माझ्याच अक्षरातला :
आज स्ट्रोक-प्ले. फेरीआधी मैदानावर सराव नाही.
चेंडू मारायचा नाही, ग्रीनवर तो घरंगळवून बघायचा नाही,
हात फिरवून गवताचा अंदाज घ्यायचा नाही.
पटिंग करायचंच तर इथे, टीपाशी, माझ्या डोळ्यांसमोर.

मॅच-प्लेच्या दिवशी मात्र मुभा.
समोर एकच माणूस असला
की मैदान दोघांचं, पहाटही दोघांची.
पण जेव्हा प्रत्येक जण प्रत्येकाविरुद्ध उभा असतो
तेव्हा सकाळ सगळ्यांसाठी सीलबंद हवी.
हे कुणी शिकवलं नाही मला.
एकोणीस वर्षं या खोपटात बसून माझं मी मांडलेलं गणित.
चुकलेलंही असेल.

आठ वाजून दहा. इशबेल मकाय आली.
टपालाची लाल गाडी चालवायची, गुडघे गेले तेव्हा सोडली.
कार्ड घेतलं नाही. तळवा पुढे केला.
'पहाटे कुत्र्याला घेऊन सातव्यापर्यंत गेले होते, विली.
ग्रीनवर दव होतं. पुसलं.'

'दव पुसलं, एवढंच ना?'
मी तिला पळवाट काढून देत होतो,
रुंद, पायाखालची, दोघांनाही दिसणारी.

'हात दव पुसायलाच गेला,' ती म्हणाली.
'पण थांबला तो कल कळल्यावर.'

समुद्रावरचं धुकं कुंपणापर्यंत आलेलं.
त्यात कुठेतरी कालवफोडे एकमेकांवर ओरडत होते.
रांगेतले तिघं आपापल्या बुटांकडे बघू लागले.
'पाहिलं कुणी?'
'कुत्र्यानं.'

झाकली असती तर ती मूठ सव्वा लाखाची होती.
उघडली, आणि दोन फटक्यांची झाली.
मी पेन्सिलीला टोक केलं, नको तितकं बारीक,
आणि पहिल्या होलच्या चौकटीशेजारी लिहिले : दोन.
अजून तिनं पिशवीतून काठीसुद्धा काढली नव्हती.

खरं सांगायचं तर त्या सातव्यावर
मी तरुणपणी तीन स्पर्धा घालवल्यात.
दर वेळी चेंडू उजवीकडे वळेल म्हणून मारला,
आणि दर वेळी तो जरासा विचार करून
भलतीकडेच गेला.
म्हणून कार्ड हातात देताना, आवाज खाली आणून,
पंचाच्या खुर्चीतून थोडा पुढे वाकून विचारलं :
'कुठे उतरतं गं ते?'

इशबेलनं मूठ मिटली.
'ते नाही सांगायची. दोन फटके मोजलेत त्याचे.'

मी घड्याळ पाहिलं. तिचं नाव पुकारलं,
जरा जास्तच मोठ्यानं.