सुटं टोक

तुर्भ्याच्या शीतगृहात, मिरचीच्या तिसऱ्या गोदामाबाहेर,
रात्री पावणेदोनला स्विचवरचे सगळे दिवे लुकलुकायला लागले.
चोवीसच्या चोवीस. हिरवे. बेभान.
बघणाऱ्याला वाटावं, काय जोरात काम चाललंय.
काम शून्य होतं.

काट्यावर हळदीचा ट्रक उभा, पडद्यावर वजन येईना,
सांगलीचा ड्रायव्हर पाय वर करून झोपलेला,
आणि तारांतून एकच प्रश्न फिरत होता:
या पत्त्यावर कोण राहतं?
या पत्त्यावर कोण राहतं?
उत्तर यायच्या आत प्रश्न वळसा घालून परत दारात,
सोबत स्वतःच्या दोन प्रती,
त्यांच्या मागे आणखी.
गल्लीत अफवा फिरते तशी,
फक्त ही गल्ली गोल होती.

मी मोमीनभाईंना विचारलं, कुठे काही हाललं का?
इर्शाद मोमीन, आवक-जावक कारकून, इथे सतरा वर्षं.
म्हणाले, टेबलाखाली एक टोक सुटं पडलं होतं,
कुणाच्या पायात येईल म्हणून भिंतीत लावून दिलं.
एवढंच.

सुटं टोक दिसलं की हात जातोच.
माझाही गेला असता.
वर्तुळ ओळखणारा नियम मागच्या कंत्राटदारानेच
बंद करून ठेवला होता,
कारण काटा चालू केला की तीस सेकंद थांबावं लागायचं.
तीस सेकंद! ट्रकवाले हॉर्न वाजवायचे.

ते टोक उपटलं, वादळ बसलं. मग नियम चालू केला,
आणि टोक पुन्हा होतं तिथे लावलं.
स्विच आपसात बोलू लागले, दर दोन सेकंदांनी:
मूळ कोण? मूळ मी. नाही, मूळ मी.
सगळ्यांचा मान सारखा, बत्तीस हजार सातशे अडुसष्ट;
अशा वेळी ज्याचा जन्मक्रमांक लहान, तो मोठा.
आणि निवडून कोण आलं?
जिन्याखालचा, झाडूशेजारचा, आठ दारांचा जुना डबा,
हात लावला तर चटका बसेल असा,
वर लेले सरांच्या अक्षरात चिकटपट्टी: कँटीन.
सर जाऊनही आता चार वर्षं झाली.
अख्ख्या शीतगृहाची रहदारी त्याच्याकडे वळली,
हळदीची वजनं, उणे अंशांतली तापमानं,
कॅमेऱ्यांनी पाहिलेले रिकामे बोळ,
सगळं जिन्याखाली.

दोन मिनिटं मी काही केलं नाही.
राहू दिलं त्याला.
मग वरच्या खोलीतल्या नव्या स्विचवर आकडा टाकला: ४०९६.
जुन्याने वाद घातला नाही,
पुढच्याच निरोपात म्हणाला, मूळ तो.
(लेले सर असे नव्हते.)

आता एका तारेच्या टोकाशी दिवा केशरी.
तीच, मोमीनभाईंनी लावलेली.
हिचं काय बिघडलंय?
काही नाही. बंद ठेवलीय.
मग काढून टाकू?
नको. ती ऐकते. बोलत नाही, एवढंच.
ते दिव्याकडे बघत राहिले.
आमची थोरली भाभी अशी आहे, म्हणाले,
आणि पुढे काही सांगितलं नाही.

दाखवायला म्हणून मी मुख्य तार उपटली.
पडदा कोरा.
पंधरा सेकंद ऐकणं.
पंधरा सेकंद शिकणं, कोण कुठल्या दाराशी राहतं ते.
मोमीनभाई बोटांच्या पेरांवर मोजत होते,
अठ्ठाविसाला म्हणाले, गेलं वाटतं.
तिसाला केशरीचा हिरवा झाला.
काट्यावर आकडा उमटला, अठरा हजार सातशे चाळीस,
आणि कोणीतरी जाऊन ड्रायव्हरला उठवलं.

मुख्य तार परत लावली. दिवा पुन्हा केशरी.
काट्याच्या दाराला मी थांबण्यातून सूट दिली;
त्याच्यापुढे कोणी नाही, तिथे गोल फिरायला जागाच नाही.

निघताना पाहिलं, पोत्यांवर लिहायचा मार्कर घेऊन
मोमीनभाई टेबलाखाली वाकलेले.
तारेला कागदाची पट्टी गुंडाळली, लिहिलं: काढू नये.
जरा थांबले, खाली लिहिलं: मुद्दाम लावली आहे.
मिरचीची शिंक आली, सहीतला म थोडा हलला.