मिनिटाला सहा थेंब

आमचा कायदा मुळात रेल्वेसाठी केलेला.
कोळशाच्या इंजिनांचा काळ. विमानं तेव्हा
जत्रेत पैसे घेऊन घिरट्या घालायची.
पुढे दहा वर्षांनी कुणीतरी
आगगाडीच्या शेवटच्या डब्याला आम्हालाही जोडून टाकलं.
म्हणून आमचा करार कधी संपत नाही.
तो नुसता जुना होतो,
फ्रीजमागे घरंगळलेल्या लिंबासारखा.

चार वर्षं वाटाघाटी. मग वॉशिंग्टनहून मध्यस्थ बाई आल्या,
सात महिने या खोलीतून त्या खोलीत,
शेवटी म्हणाल्या, माझ्याने होत नाही.
तिथून पुढे तीस दिवस.
कायद्याच्या भाषेत ही थंड होण्याची मुदत.
डलूथमध्ये. जानेवारीत.
बाहेर उणे तीस, सरोवरावरून वारा,
आणि हँगरचा हीटर ऑक्टोबरपासून दुरुस्तीच्या यादीत.
इथे तापलं होतं कोण?

या तीस दिवसांत संप नाही, काम रेंगाळवणं नाही.
आहे तसं चालू ठेवायचं, आम्ही आणि त्यांनीही.
कंपनीने कोर्टात तक्ता दिला:
मागच्या डिसेंबरात मेकॅनिकांनी नोंदवलेले दोष एकशेचार,
या डिसेंबरात एकशेएकसष्ट.
वकील म्हणाला, विमानं तीच, माणसं तीच,
मग दोष आले कुठून?
मागच्या बाकावरून वॉल्टर नीमी पुटपुटला,
विमानं वर्षाने म्हातारी झाली, साहेब.
न्यायाधीशांना ऐकू गेलं नाही.
मनाईहुकूम निघाला.

तेविसावा दिवस. रात्रीचे तीन चाळीस.
उजव्या चाकाच्या वर हायड्रॉलिकचा एक जोड पाझरतोय,
नातवाच्या खोकल्याच्या औषधासारखं लाल तेल.
पुस्तक म्हणतं, मिनिटाला पाच थेंबांपर्यंत चालेल.
मी घड्याळ धरून आडवा झालो.
सहा.
पुसलं, पुन्हा मोजलं. सहा.
लोरा बोप्रेला हाक मारली. तिने तिचं घड्याळ काढलं.
तिचेही सहा, आणि सातवा
काठावर लोंबत, पडू की नको असं करत.

सहा-दहाला हे विमान शिकागोला जायचंय.
सुपरवायझर गुस्ताव्ह्सन वाईट माणूस नाही,
माझ्या मुलीच्या लग्नात मासे त्यानेच तळले होते.
गुडघ्यावर बसला, बघितलं, म्हणाला,
"थंडीत मोजायला चूक होते, इव्हर.
आज लिहिलंस तर ते तक्त्यात जाईल."
"आणि नाही लिहिलं तर?"
"मी काही बोललोच नाही."

माझ्या पाकिटातलं लायसन्स सरकारचं.
त्यावर कंपनीचं नाव नाही, युनियनचंही नाही.
फोटोसुद्धा नाही. उंची, वजन,
डोळे निळे, केस तपकिरी.
केस सोडले तर सगळं अजून खरं आहे.
खोटी सही केली तर ते जाईल.
खरी केली तर उद्या कुणी विचारेल,
पाच आणि सहात असा किती फरक, मिस्टर हाल्वर्सन?
मुद्दाम मोजलंत?
हो, मुद्दाम.
चुकून कसं मोजतात ते मला कुणी शिकवलं नाही.

पेन गोठलं होतं. काखेत धरून ऊब दिली.
लोरा तोवर गप्प.
तिने थेंबांखाली कागदी कप ठेवला
आणि लॉगबुक माझ्याकडे सरकवलं.
लिहिलं: मिनिटाला सहा. तीनदा मोजले, दोघांनी.

सील बदलायला अडीच तास गेले.
विमान सव्वासातला सुटलं.
खिडकीत एक बाई फोनवर तावातावाने बोलत होती,
आमच्याकडे बघून, असं वाटलं.
वाटलंही नसेल तिला काही आमच्याबद्दल.
गुस्ताव्ह्सनने कॉफी आणून दिली,
एकच, दोघांत.

कप अजून बाकावर आहे, तळाशी लाल.
नीमी म्हणतो, फेकून दे. लोरा म्हणते, राहू दे.
सात दिवस उरलेत.
हीटर आहे तसाच.